दात नवा, लाळ तीच

मंडळाच्या गणपतीत किंवा दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभी असले, की कोणीतरी हळूच जवळ येऊन म्हणतेच, "डॉक्टर, एक मिनिट, हा मागचा दात जरा बघता का?" हातात मसालेभाताचे ताट घेऊन दुसऱ्याच्या दाढा तपासणे मला अजून जमलेले नाही, पण प्रश्न मात्र मी ऐकून घेते. पूर्वी हे प्रश्न रूट कॅनॉलचे आणि कवळीचे असत. अलीकडे निम्मे तरी इम्प्लांटचे असतात, आणि त्यांतले बरेचसे प्रश्न नसतातच, विधाने असतात. "पाच हजार डॉलर गेले, पण कटकट मिटली. धातूला काय कीड लागणार?"

कीड लागत नाही हे अगदी खरे. टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावरची सिरॅमिकची कॅप किडत नाही. पण ज्या हाडात ते इम्प्लांट रोवलेले असते ते हाड आपले, त्याला वेढून असलेली हिरडी आपली, आणि त्यावरून चोवीस तास वाहणारी लाळही आपलीच, तिच्यातल्या सगळ्या जिवाणूंसकट. या जिवाणूंमुळे इम्प्लांटभोवतीच्या हिरडीला सूज येऊ शकते. तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर सूज खाली उतरून हाड झिजू लागते, आणि मग चांगले बसलेले इम्प्लांट काढून टाकण्याची वेळ येते. मी न्यू जर्सीत गेली पंचवीसहून अधिक वर्षे हिरड्यांची डॉक्टर, म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट म्हणून काम करते. माझ्या खुर्चीत येणाऱ्या आपल्या मराठी माणसांत ही तक्रार वाढते आहे. शिवाय तिला खर्चाचीही बाजू आहे, म्हणून आरोग्य आणि अर्थ अशा दोन्ही विषयांच्या या पानांवर तिची जागा आहे असे मला वाटते.

सशाच्या पायातून माणसाच्या जबड्यात

आधी इम्प्लांटबद्दल चार चांगले शब्द. १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रॉनेमार्क नावाचे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात रक्त कसे वाहते हे पाहत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियमची एक नाजूक नळी बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती महागाची नळी काढायला गेले तर निघेचना; हाड तिला चिकटून वाढले होते. या अपघातातून पुढे दातांचे इम्प्लांट जन्माला आले. १९६५ मध्ये योस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात त्यांनी पहिली इम्प्लांट बसवली. लार्सन २००६ मध्ये वारले, तोपर्यंत म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ ती टिकली.

हे मुद्दाम सांगते, कारण पुढचे वाचून कोणी घेतलेली अपॉइंटमेंट रद्द करू नये. सुटणाऱ्या कवळीपेक्षा, किंवा शेजारचे दोन चांगले दात तासून बसवलेल्या ब्रिजपेक्षा इम्प्लांट पुष्कळदा उत्तम. फक्त "बसवले आणि विसरलो" हा त्याचा स्वभाव नाही.

लाळेतली वस्ती

आपल्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ग्रंथीतून निघते तेव्हा ती जवळजवळ निर्जंतुक असते. तोंडात आल्यावर मात्र तिच्या एका मिलीलिटरमध्ये १० कोटींच्या आसपास जिवाणू सापडतात. हे जीभ, गाल, दात आणि हिरड्यांच्या कडा यांवरून धुऊन आलेले असतात. माणसांच्या तोंडांत मिळून सुमारे ७०० जातींचे जिवाणू आढळले आहेत. एका माणसात अर्थातच त्यांतले काहीच असतात.

हे जिवाणू सर्वांत आधी पाहिले ते हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेवेनहुक या कापडाच्या व्यापाऱ्याने. १६८३ मध्ये त्याने आपल्या दातांच्या फटीतला पांढरा थर खरवडून स्वतः बनवलेल्या भिंगाखाली धरला आणि त्यात हलणारे चिमुकले जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिले. गंमत म्हणजे हा गृहस्थ, आपल्या आजी-आजोबांसारखाच, रोज सकाळी मिठाने दात घासत असे!

इथे कोणाला उष्ट्याची आठवण होईल. आपल्या आयांना जिवाणू दिसले नव्हते, पण लाळेतून काहीतरी एकाकडून दुसऱ्याकडे जाते हे त्यांनी बरोबर ओळखले होते. नवरा-बायकोमध्ये हिरडीच्या रोगाचे जिवाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात हे खरे आहे. तरी इम्प्लांटच्या बाबतीत उष्ट्याला दोष देऊ नका. तिथे येणारे जिवाणू बहुतेक आपल्याच शिल्लक दातांवरून येतात, आणि लाळ ही त्यांची बस.

सगळे जिवाणू शत्रू नव्हेत, आणि लाळही शत्रू नव्हे. तिच्यात लायसोझाइम, लॅक्टोफेरिन, प्रतिपिंडे असे अनेक पहारेकरी असतात. लाळ कमी झाली की दातांची काय दशा होते ते ज्यांनी तोंडाच्या भागात रेडिएशन घेतले आहे त्यांना विचारावे. पण लाळेची एक सवय आहे. कोणताही कडक पृष्ठभाग तोंडात आला, दात असो वा टायटॅनियम, की काही मिनिटांत ती त्यावर प्रथिनांचा एक पातळ लेप चढवते. त्या लेपावर आधी स्ट्रेप्टोकोकस जातीचे, तसे निरुपद्रवी जिवाणू येऊन चिकटतात. त्यांच्या अंगावर दुसरे, दुसऱ्यांवर तिसरे. मध्ये फ्युझोबॅक्टेरियम नावाचा लांबट जिवाणू असतो, तो दोन्ही हातांनी दोघांना धरतो म्हणा ना. शेवटी, जिथे हवा पोचत नाही अशा खोल कपारीत पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे खरे उपद्रवी राहायला येतात. विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते तसा हा थर धरतो. त्याला बायोफिल्म म्हणतात. नुसत्या पाण्याने किंवा चूळ भरून तो जात नाही, घासावाच लागतो. शेवाळाचेही तसेच नाही का?

ज्याच्या तोंडात आधीपासून हिरडीचा रोग आहे, खालच्या पुढच्या दातांमागे कीटण साचले आहे, त्याच्या लाळेतून हे उपद्रवी नव्या इम्प्लांटपर्यंत लवकर पोचतात. म्हणून आधी उरलेल्या दातांच्या हिरड्या बऱ्या करायच्या आणि मगच इम्प्लांट, हा क्रम मी सोडत नाही. "तो एक दात बसवा, बाकीचं नंतर पाहू," असे म्हणणाऱ्या पेशंटशी माझे दर महिन्याला एक तरी भांडण होते.

न दुखणारे दुखणे

खरा दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची बारीक गादी असते. बाजेची नवार जशी दोन्हीकडच्या लाकडांना ताणून बांधलेली असते, तसे हे तंतू एका बाजूने मुळात आणि दुसऱ्या बाजूने हाडात शिरलेले असतात. या गादीतून हिरडीला रक्त मिळते आणि दातावर किती दाब पडला हे मेंदूला कळते. इम्प्लांटला ही गादी नाही. त्याच्याभोवतीचे तंतू खांबाला कापड गुंडाळावे तसे नुसते बाजूने जातात, आत शिरत नाहीत. रक्तपुरवठाही तिथे कमी. त्यामुळे जिवाणूंचा थर एकदा खाली सरकू लागला की त्याला अडवणारी भिंत दातापेक्षा लेची असते. भर म्हणून इम्प्लांटला स्क्रूसारखे आटे असतात आणि हाडाने चटकन धरावे म्हणून त्याचा पृष्ठभाग खरबरीत केलेला असतो. हाड मागे हटून ते आटे उघडे पडले की तिथे साचलेला थर काढणे फार कठीण.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, बहुधा दुखत नाही. आपल्याकडे दुखल्याशिवाय दाताच्या डॉक्टरकडे जायचे नाही असा जणू कुळाचार आहे. इथे तो चालत नाही. दुखू लागेपर्यंत हाड बरेच गेलेले असू शकते.

या आजाराच्या दोन पायऱ्या आहेत. पहिलीत फक्त हिरडी सुजते, लाल होते, हलक्या स्पर्शाने रक्त येते; हाड शाबूत असते. हिला म्युकोसायटिस म्हणतात आणि ही बरी होते. दुसरीत हाड झिजू लागते, तिला पेरि-इम्प्लांटायटिस म्हणतात. एकदा गेलेले हाड पूर्वीसारखे परत मिळवणे अवघड असते, मिळालेच तर थोडे.

पहिली पायरी किती लवकर येते? १९६५ मध्ये डेन्मार्कच्या आरहूस शहरात हाराल्ड लोए यांनी १२ निरोगी माणसांना दात घासणे पूर्ण बंद करायला लावले. दहा दिवस ते तीन आठवडे एवढ्या काळात सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या, आणि घासणे सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात बऱ्या झाल्या. पुढे असेच प्रयोग इम्प्लांट असलेल्या लोकांवर झाले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीन आठवडे सफाई बंद ठेवल्यावर इम्प्लांटच्या कडेने दातांपेक्षा जास्त रक्तस्राव आढळला, आणि पुन्हा तीन आठवडे नीट सफाई करूनही हिरड्या पूर्ण मूळपदावर आल्या नाहीत. सूज बरी होते, पण वेळ घेते.

हे किती लोकांना होते याचे आकडे अभ्यासागणिक पुष्कळ बदलतात. २०१५ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरी अशी: इम्प्लांट असलेल्या शंभर माणसांतल्या ४३ जणांना पहिल्या पायरीची सूज आणि २२ जणांना दुसऱ्या पायरीची. बावीस हा आकडा घाबरवण्यासाठी देत नाही. पण पाच हजार डॉलर घालताना तो माहीत असावा.

निदान साधे आहे. बारीक खुणा केलेली बोथट सळई हिरडीच्या कडेने अलगद आत घालून खोली मोजायची, रक्त किंवा पू येतो का ते पाहायचे, आणि एक्स-रेमध्ये हाडाची पातळी पूर्वीच्या एक्स-रेशी ताडून पाहायची. पहिल्या वर्षात हाड थोडे खाली बसते, दोन मिलीमीटरपर्यंत, ते चालते. त्यानंतर ते खाली जात राहिले तर काळजी. म्हणूनच कॅप बसवली त्या दिवसाचा एक्स-रे जपून ठेवावा. तो नसेल तर किती हाड गेले हे अंदाजानेच सांगावे लागते.

हल्ली लाळेची तपासणी करून त्यात कोणते जिवाणू आहेत हे सांगणाऱ्या चाचण्याही मिळतात, आणि आपली मंडळी त्याचे रिपोर्ट घेऊन येतात. माझे मत स्पष्ट आहे. लाळेत पॉर्फिरोमोनास सापडला म्हणजे इम्प्लांटला रोग झाला असे नाही, आणि सापडला नाही म्हणून हिरडी ठणठणीत असेही नाही. त्या चाचणीच्या पैशांत एक नीट तपासणी आणि एक एक्स-रे होतो. आधी ते करावे.

एक फाइल

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून एका गृहस्थांची हकीकत सांगते. साठी ओलांडलेले, नुकतेच निवृत्त झालेले. भारतात सुट्टीला गेले असताना त्यांनी खालच्या दोन दाढांची इम्प्लांट बसवून घेतली, पुढच्या खेपेला कॅपा. काम चांगले झाले होते, मी एक्स-रे पाहिला आहे, कोणीही मान डोलवावी असे. तिथल्या डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी दाखवायला सांगितले होते. पण हे राहणार न्यू जर्सीत! इथला त्यांचा नेहमीचा डेंटिस्ट दातांची सफाई करी, पण इम्प्लांटभोवती सळई घालत नसे. दुसऱ्याने बसवलेल्या कामाला हात लावायला पुष्कळ जण कचरतात. अशी सहा वर्षे गेली. तिकडच्या डॉक्टरांना पेशंट दिसत नव्हता आणि इकडच्या डॉक्टरांना इम्प्लांट.

माझ्याकडे ते आले ते दुखते म्हणून नव्हे. "तोंडाला चमत्कारिक चव येते, आणि ही म्हणते वास येतो." सळई एका इम्प्लांटपाशी आठ मिलीमीटर आत गेली आणि बाजूने पू आला. एक्स-रेमध्ये त्याच्याभोवतीचे अर्धे हाड गेले होते, दुसऱ्याचे पाऊण हाड शिल्लक होते. पुढच्या दातांमागे कीटणाची भिंत. एचबीए१सी ८ च्या वर. कॅपा काढून साफ करायचे तर आतला स्क्रू कोणत्या कंपनीचा हे कळायला हवे, कारण प्रत्येकाचा पाना वेगळा. त्यांच्याकडे कागद काहीच नव्हता. एक्स-रे इकडे-तिकडे पाठवून ते ओळखण्यात तीन आठवडे गेले. शेवटी एक इम्प्लांट शस्त्रक्रिया करून वाचले, दुसरे काढावे लागले. हा सगळा खर्च भारतात वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त झाला.

यात भारतातल्या कामाची निंदा नाही. शिक्षण मी स्वतः मुंबईत घेतले, तिथले हात मला माहीत आहेत. हेच इम्प्लांट इथे बसवून नंतर सहा वर्षे न पाहता ठेवले असते तरी हेच झाले असते. माझ्याकडे तशाही फायली आहेत.

त्या गृहस्थांकडे धोक्याची निम्मी कारणे एकवटली होती: हिरडीचा जुना रोग, ताब्यात नसलेला मधुमेह, आणि मधल्या काळात तपासणी नाही. सिगारेट, तंबाखू हे आणखी एक मोठे कारण. मिश्री लावणारी आजी आता अमेरिकेत क्वचितच भेटते, पण जेवणानंतर सुपारी-तंबाखू चघळणारे काका भेटतात. आणखी एक कारण लोकांच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे कोरडे तोंड. ॲलर्जीच्या, नैराश्याच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लाळ कमी होते, आणि पहारेकरी कमी झाले की थर लवकर धरतो. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, पण डेंटिस्टला गोळ्यांची पूर्ण यादी द्यायची.

कधीकधी दोष जिवाणूंना आसरा देणाऱ्या सिमेंटचा असतो. काही कॅपा स्क्रूने बसवतात, काही सिमेंटने चिकटवतात. चिकटवताना थोडे सिमेंट हिरडीखाली उरले तर त्या खडबडीत कणांवर थर झपाट्याने वाढतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सूज असलेल्या ज्या इम्प्लांट तपासल्या त्यांतल्या ८१ टक्क्यांपाशी असे उरलेले सिमेंट सापडले, आणि ते काढल्यावर बहुतेकांची सूज ओसरली. कॅप कशी बसवणार आहात, हे आधी विचारायला हरकत नाही.

घरी काय करायचे

दिवसातून दोनदा मऊ ब्रश, आणि तो हिरडी आणि कॅप जिथे मिळतात त्या रेघेवर. कडक ब्रशने जोरात घासणे म्हणजे सफाई नव्हे. फटींसाठी बाटली धुवायच्या ब्रशसारखे छोटे ब्रश मिळतात, ते प्लास्टिकचे आवरण असलेल्या तारेचे घ्यावेत. कोणत्या मापाचे ते डेंटिस्टने दाखवले पाहिजे. अंदाजाने आणलेले बहुधा बारीक असतात आणि नुसते आत-बाहेर फिरतात. ज्यांच्या कॅपा एकमेकींना जोडलेल्या आहेत त्यांनी एका टोकाला कडक असलेला, मध्ये लोकरीसारखा फुललेला सुपरफ्लॉस वापरावा. पाण्याचा फवारा मारणारे यंत्र चांगले, बोटांत संधिवात असलेल्यांना विशेष, पण ब्रशला जोड म्हणून. टूथपिकने, किंवा देवाने दिलेल्या करंगळीच्या नखाने, इम्प्लांटपाशी कोरू नये.

तेलाच्या गुळण्यांबद्दल नेहमी विचारतात. करा, नुकसान नाही. मिठाच्या पाण्यानेही करा. जेवणानंतर खळखळून चूळ भरायची आपली सवय तर अमेरिकनांनी उचलावी इतकी छान आहे, तिने अन्नाचे कण जातात. शेवाळ मात्र घासल्यावरच जाते. जंतुनाशक माउथवॉशचेही तेच. वर्षानुवर्षे रोज वापरायचे ते औषध नाही.

आणि अँटिबायोटिक. भारतातून आणलेली पट्टी ड्रॉवरमध्ये असते, हिरडी सुजली की तीन दिवस घेतात, बरे वाटते, पुन्हा सुजते. त्या थराच्या आतल्या जिवाणूंपर्यंत गोळी नीट पोचत नाही. थर यंत्राने खरवडून काढणे हा पहिला उपचार. हाड गेले असेल आणि तेवढ्याने भागत नसेल तर हिरडी उघडून सफाई, आणि खड्ड्याचा आकार अनुकूल असेल तर हाडाची भर.

खर्चाचे गणित

आमच्या भागात एका इम्प्लांटला कॅपसह साधारण तीन ते सहा हजार डॉलर पडतात, हाडाची भर घालावी लागली तर आणखी. पुण्या-मुंबईत चांगल्या ठिकाणीही ते एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी खर्चात होते. इथल्या दातांच्या विम्याची वर्षाची कमाल मर्यादा बहुधा हजार ते दोन हजार डॉलर असते. त्यातही विमा घेण्यापूर्वीच पडलेल्या दाताला पैसे द्यायचे नाहीत असे कलम पुष्कळ पॉलिसींत असते, ते आधी वाचावे. इम्प्लांट वर्षाच्या शेवटी आणि कॅप पुढच्या वर्षी असे काम विभागले तर दोन वर्षांच्या मर्यादा वापरता येतात. हाड धरायला तीन-चार महिने लागतातच, त्यामुळे हे सहज जमते. काम सुरू करण्यापूर्वी विमा कंपनीकडून लेखी अंदाज मागवता येतो, तो मागवा.

पासष्टीनंतर मूळ मेडिकेअर इम्प्लांटचा किंवा नेहमीच्या सफाईचा खर्च देत नाही. काही मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजना थोडा देतात, मर्यादा पाहून घ्यावी. नोकरीत असताना हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट साठवले असेल तर त्यातले पैसे इथे करमुक्त वापरता येतात, आणि मेडिकेअर सुरू झाल्यावर त्यात नवे पैसे घालता येत नसले तरी आधीचे वापरता येतात. परदेशात कायदेशीरपणे घेतलेल्या उपचारांनाही ते चालतात, म्हणून भारतातली पावती तारीख, नाव आणि कामाचे वर्णन यांसह घ्यावी. "कच्ची चालेल ना?" या प्रश्नाला उत्तर नाही हे आहे.

आता जे कोणी हिशोबात धरत नाही ते. इम्प्लांटनंतर वर्षातून दोन ते चार वेळा देखभालीची भेट लागते, हिरडीचा रोग होऊन गेलेल्यांना तीन-तीन महिन्यांनी. आमच्याकडे अशा भेटीला दीडशे ते अडीचशे डॉलर पडतात. महाग वाटते, पण ब्राझीलमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास पाहा. पहिल्या पायरीची सूज असलेल्या ८० जणांना पाच वर्षांनी पुन्हा तपासले. ज्यांनी नियमित देखभाल केली त्यांच्यापैकी १८ टक्के लोक दुसऱ्या पायरीला पोचले होते, ज्यांनी केली नाही त्यांच्यापैकी जवळजवळ ४४ टक्के. सुजलेल्या इम्प्लांटच्या सफाईसाठी विम्यात डी ६०८१ हा स्वतंत्र कोड आहे. साध्या सफाईच्या बिलात ती उरकली जात असेल तर ती खरोखर होते आहे का, हे विचारा.

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असे आपल्याकडे म्हणतात. इथल्या निवृत्तांची अडचण जरा वेगळी: चणेही आहेत, दातही विकत मिळतात, पण नोकरीबरोबर विमा जातो. निवृत्तीचे अंदाजपत्रक मांडताना गाडीच्या देखभालीशेजारी तोंडाच्या देखभालीची ओळ घाला.

भारतात काम करून घ्यायचे ठरवले असेल तर अवश्य घ्या, पण जाण्यापूर्वी इथे असा डॉक्टर शोधा जो नंतर ते सांभाळायला तयार आहे, आणि त्याने ते आधी कबूल केलेले असू द्या. दोन आठवड्यांच्या सुट्टीत सगळे उरकण्याचा आग्रह धरू नका. साखर आणि हिरड्या इथून निघण्यापूर्वी ताळ्यावर आणा.

उन्हाळ्यात इथे येणाऱ्या आई-वडिलांचाही विचार करा. पाहुण्यांसाठी घेतलेला विमा दातांच्या बाबतीत बहुधा अचानक उद्भवलेल्या वेदनेपुरताच असतो, इम्प्लांटभोवतीच्या जुन्या सुजेला तो उपयोगी नाही. तेव्हा विमानात बसण्यापूर्वी तिथेच तपासणी आणि सफाई होऊ द्या. फोनवर "दात दुखतात का?" असे विचारू नका, "घासताना त्या बसवलेल्या दातापाशी रक्त येतं का?" असे विचारा. आणि इम्प्लांटच्या डबीवरचे स्टिकर तिथल्या डॉक्टरांकडून मागून घ्या. त्यावर कंपनी, व्यास, लांबी आणि लॉट नंबर असतो. फायलीत लावलेल्या त्या स्टिकरचा फोटो काढून आपल्या फोनवर ठेवा, कॅप बसवल्यानंतरच्या एक्स-रेच्या फोटोशेजारी. लॉट नंबर वाचता येईल इतका जवळून काढा.